रंग डब्यात जुळत नाही

रुपेरी गाडीचे मागचे दार चेपते. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग होते, चार दिवसांनी गाडी ताब्यात मिळते आणि तिथल्या ट्यूबलाइटखाली कितीही निरखून पाहिले तरी कोणते दार रंगवले ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात तीच गाडी जरा तिरपी पाहिली, की नेमके ते एक दार काळपट दिसते आणि उरलेल्या गाडीपासून सुटे पडते. मग निदान ठरलेले असते: पेंटरने शेड चुकवली, नाहीतर स्वस्तातला डबा वापरला, नाहीतर कंपनीचा ‘ओरिजिनल’ रंग आणलाच नाही. क्वचित हे खरेही असते. पण बहुतेक वेळा पेंटर त्याच्या परीने बरोबर असतो आणि चूक असते ती आपल्या अपेक्षेत. हुबेहूब जुळणारा रंग कोणत्याही डब्यात विकत मिळत नाही. चांगला पेंटर शेड जेवढी जवळ आणता येईल तेवढी आणतो आणि उरलेला फरक डोळ्याला सापडणार नाही अशा जागी नेऊन ठेवतो. ग्राहक, विमा कंपनी आणि पुष्कळदा गॅरेजमालकसुद्धा पैसे मोजतात ते पहिल्या कामाचे. गाडी एकसारखी दिसते ती मात्र दुसऱ्या कामामुळे, आणि तेच काम बिलात कुठे दिसत नाही.

हे पटण्यासाठी आधी पत्र्यावर नेमके काय असते ते पाहावे लागेल. कारखान्यात उघडी बॉडी धुऊन तिच्यावर झिंक फॉस्फेटचा थर बसवतात. मग ती अख्खी हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रॉनचा गंजरोधक प्रायमर चढवतात. त्यावर ३०-४० मायक्रॉनचा सरफेसर, त्यावर बेस कोट आणि सगळ्यात वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा सगळा संसार दोन केसांच्या जाडीत आटोपतो. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट फॉस्फेटवरच्या या थरांतला सर्वांत पातळ, जेमतेम १५ मायक्रॉनचा. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. तेव्हा बॉडी म्हणजे नुसता पत्रा असतो, म्हणून ते चालते. रस्त्यावर आलेल्या गाडीला टायर असतात, वायरिंग असते, डॅशबोर्ड असतो, टाकीत पेट्रोल असते. तिला १४० अंशांत घालता येत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये वापरायचा रंग वेगळ्या रसायनाचा असतो. त्यात हार्डनर मिसळतात आणि तो बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास अर्ध्या तासात धरतो, किंवा बूथ नसेल तिथे नुसत्या हवेवर सावकाश वाळतो. म्हणजे कारखान्यातला तो रंग गॅरेजपर्यंत येतच नाही, आणि आला असता तरी तिथे पक्का झाला नसता. ‘ओरिजिनल रंग मारला’ असे गॅरेजवाला सांगतो तेव्हा तो फार तर एवढेच म्हणत असतो, की मूळ रंगाची नक्कल चांगल्या कंपनीची आणली.

‘तोच रंग आणा’ ही अपेक्षा मात्र अगदीच निराधार नाही. एके काळी ती रास्त होती. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून सुमारे एक तप फक्त काळ्या रंगात निघत होती, तेव्हा शेड जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९२३ च्या सुमारास ड्युपॉन्ट आणि जनरल मोटर्स यांनी ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. त्याने रंगकामाचे आठवडे काही तासांवर आणले आणि गाड्यांना निळ्या-हिरव्या छटा मिळाल्या. हे नाव आपल्याकडे इतके रुजले, की फर्निचरचे पॉलिशवाले आजही गनने मारायच्या रंगाला ड्युकोच म्हणतात. थिनर उडून गेला की हा रंग वाळायचा, त्याला भट्टीची गरज नव्हती. त्यामुळे कारखान्यात आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजात जवळपास एकच द्रव वापरता येत असे. रंग एकरंगी असायचा, वर क्लिअर कोट नसायचा आणि शेड उतरलीच तर पॉलिश घासून बरीचशी परत आणता यायची. भट्टीत पक्के होणारे रंग आले, मग मेटॅलिक आले, मग क्लिअर कोट आला, आणि दर पायरीला कारखाना आणि गॅरेज एकमेकांपासून लांब गेले. अपेक्षा मात्र जुन्याच जागी राहिली.

यावर पहिला आक्षेप असा, की कोड असतो ना? असतो. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली छोटी पट्टी असते आणि तिच्यावर रंगाचा कोड असतो. मारुतीच्या रुपेरी गाड्यांचा ‘झेड-टू-एस’ किंवा पांढऱ्यांचा ‘२६-यू’ हे पेंटच्या दुकानांत रोजच्या तोंडातले शब्द आहेत. कोड दिला की संगणक सूत्र काढतो, मग दुकानदार वजनकाट्यावर ग्रॅमच्या दशांशापर्यंत टिंटर, म्हणजे मिसळायचे मूळ रंग, मोजून डबा भरून देतो. पण कोड ही पाककृती नाही, ते पदार्थाचे नाव आहे. कार कंपनी प्रत्येक रंगाचा एक नमुना पत्रा जपून ठेवते आणि रोजचे उत्पादन त्यापासून ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. मर्यादेच्या आत मात्र सगळे पास. एक गाडी किंचित पिवळट बाजूला पास होते, दुसरी किंचित निळसर बाजूला. त्या दोघींची दारे अदलाबदल केली तर रस्त्याने जाणारा माणूसही बोट दाखवील. रंगाचा पुरवठादार बदलतो, एकच मॉडेल दोन कारखान्यांत निघते, मधेच लाइनवरच्या गन बदलतात. कोड तोच राहतो. म्हणून गाड्यांना दुरुस्तीचा रंग पुरवणाऱ्या कंपन्या एकाच कोडखाली अनेक ‘व्हेरिएंट’ ठेवतात: एक जरा लालसर, एक जरा भरड दाण्याचा, एक बाजूने पाहिला तर गडद. त्यांच्या रंगवलेल्या पट्ट्या असतात. जाणता पेंटर गाडीचा एक भाग आधी पॉलिश करून स्वच्छ करतो आणि पट्ट्या त्याच्याशी ताडून व्हेरिएंट निवडतो. ही पंधरा मिनिटे वाचवणारा पेंटर कोडवर बोट ठेवून मोकळा होतो, आणि ग्राहकालाही तेच पटते, कारण कोड छापलेला असतो.

नव्याकोऱ्या गाडीचाच बंपर पाहावा. तो बहुधा पॉलिप्रोपिलीन प्लॅस्टिकचा असतो, बॉडीबरोबर १४० अंशांत गेला तर वाकेल, म्हणून वेगळा आणि कमी तापमानाच्या रंगाने रंगवला जातो, पुष्कळदा दुसऱ्याच पुरवठादाराकडे. शोरूममध्ये उभ्या असलेल्या मेटॅलिक गाडीचा पुढचा बंपर आणि शेजारचा फेंडर उन्हात एका रेषेत आणून पाहिले, तर अनेकदा सूक्ष्म फरक दिसतो. तिथे कोणी भांडत नाही, कारण मध्ये फट आहे, वळण आहे आणि गाडी नवी आहे. गॅरेजकडून मात्र आपण कारखान्यालाही न साधलेली बरोबरी मागतो.

रंगाच्या नावामागे प्रत्यक्ष रंगद्रव्याचे कणच असतात याचा एक ढळढळीत दाखला २०११ चा आहे. मार्चमधल्या जपानच्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा प्रांतातला मर्क या जर्मन कंपनीचा ओनाहामा येथील कारखाना बंद पडला. झिरॅलिक नावाचे, उन्हात विलक्षण लखलखणारे रंगद्रव्य तेव्हा जगात फक्त तिथे बनत होते. फोर्डला काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांची मागणी नोंदवणे थांबवावे लागले. इतर कंपन्याही अडचणीत आल्या. रंग साधा काळा वाटतो, पण त्यातला तो एक कण नाही तर तो काळा नाही. दुरुस्तीच्या डब्यात त्या जागी दुसरा कण घातला तर सावलीत काम भागते आणि उन्हात पितळ उघडे पडते.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात, साधारण १० ते ३० मायक्रॉन रुंद आणि एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. प्रत्येक कण म्हणजे बारीकसा आरसा. ते पत्र्याला समांतर पहुडले तर समोरून रंग लख्ख दिसतो आणि बाजूने गडद. ते वेडेवाकडे उभे राहिले तर समोरून काळपट आणि बाजूने उजळ. म्हणजे रंग ठरतो तो कण किती आहेत यावर आणि ते कसे पडले यावरही. यातला पहिला भाग दुकानदाराच्या वजनकाट्यावर असतो, दुसरा पेंटरच्या मनगटात. कारखान्यात रंग फेकणारी घंटेच्या आकाराची थाळी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरते, थेंबांना विद्युतभार दिलेला असतो, यंत्रमानवाचा हात दर गाडीला तीच रेघ त्याच वेगाने ओढतो. गॅरेजमध्ये माणूस गन धरतो. गन दीड वीत लांब गेली, हवेचा दाब थोडा वाढला, हात भरभर चालला, की थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत निम्मे वाळतात, कण वरच्या वर सपाट बसतात आणि शेड उजळते. गन जवळ आली, हात रेंगाळला, थर ओला पडला, की कण त्या ओलीत बुडतात, कलंडतात आणि शेड उतरते. एकाच डब्यातून दोन पेंटरांनी दोन पत्रे मारले तर दोन शेड निघतात. एकाच पेंटरने सकाळी आणि दुपारी मारले तरी निघू शकतात. विदर्भातल्या मे महिन्यात थिनर वाटेतच उडतो, कोकणातल्या जुलैत तो उडायचे नाव घेत नाही. म्हणून मंद आणि जलद असे वेगवेगळे थिनर मिळतात, आणि म्हणून पावसाळ्यात उघड्यावर मारलेल्या रंगावर कधी कधी पांढरट झाक येते: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. पर्ल रंगात तर आणखी एक पायरी वाढते. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेले अभ्रकाचे कण असतात. पांढऱ्या पर्लमध्ये खाली पांढरा, मधे अर्धपारदर्शक पर्ल आणि वर क्लिअर अशी तीन थरांची रचना असते. मधल्या थराचे दोन हात मारले की एक शेड, तीन मारले की दुसरी. माझ्दाने गेल्या दशकात गाजवलेला ‘सोल रेड’ अशाच तीन थरांचा आहे. त्याची दुरुस्ती हा जगभरच्या पेंटरांच्या कसोटीचा विषय आहे.

म्हणूनच गाडीवर हात टाकण्याआधी कार्ड मारणे हा या कामाचा कणा आहे. छोट्या पुठ्ठ्यावर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर, ज्या दाबाने आणि ज्या हाताने गाडीवर मारायचे त्याच हाताने बेस कोट मारायचा, वर क्लिअर द्यायचा, वाळू द्यायचा आणि मग दाराला खेटून, दाराच्याच कोनात धरून पाहायचा. ओला रंग पाहून काहीही ठरवता येत नाही, कारण वाळताना शेड बदलते. क्लिअर न दिलेला बेस कोट पाहूनही नाही. खालच्या प्रायमरचा करडेपणासुद्धा यात येतो: लाल आणि पिवळे रंग अंगाने पातळ असतात, खालचे दिसू देतात, म्हणून कार्डाखालीही तोच प्रायमर हवा. आपल्याकडच्या घाईत हे कार्ड सर्वांत आधी गळते.

इथे आक्षेप येतो, की आता यंत्रे आली आहेत, ती रंग मोजतात. मोजतात, आणि छान मोजतात. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने प्रमाण निरीक्षकाची व्याख्या केली, १९७६ साली रंगांतले अंतर आकड्यात सांगणारी लॅब पद्धत आली, आणि आजचे हातातले स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाच्या परावर्तनापासून १५, २५, ४५, ७५ आणि ११० अंशांवर रंग मोजून त्याला सर्वांत जवळचे सूत्र शोधून देतात. हे ज्या गॅरेजात आहे त्याने जरूर वापरावे. व्हेरिएंट निवडायला त्यासारखे साधन नाही, आणि ते कोडवर विसंबून राहण्याची सवय मोडते. पण यंत्र सांगते ते गाडीवर आज असलेल्या रंगाविषयी. उद्या गनमधून काय पडेल ते त्याला ठाऊक नसते. मोजणी पाच कोनांची, फवारणी एका मनगटाची. शिवाय रंग सारखे दिसणे ही प्रकाशावर अवलंबून असलेली गोष्ट आहे. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. निराळी रंगद्रव्ये वापरून केलेली दोन मिश्रणे एका प्रकाशात या तिन्ही पेशींना सारखाच निरोप देतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळा. याला मेटामेरिझम म्हणतात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दार उन्हात सुटे पडते त्याचे अर्धे कारण हे, अर्धे कारण त्या ॲल्युमिनियमच्या कणांचा कल. मूळ रंगातली रंगद्रव्येच दुरुस्तीच्या टिंटरांमध्ये असतील तर हा धोका कमी होतो, पण टिंटरांचा संच मर्यादित असतो आणि त्यातूनच शेकडो कोड भागवायचे असतात.

मग रस्त्यावरच्या इतक्या दुरुस्त गाड्या एकसारख्या कशा दिसतात? याचे उत्तर गॅरेजपासून फार लांब, पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत मिळते. तिथल्या रंगशाळेवर १८२४ साली मिशेल-युजेन शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ नेमला गेला. गालिच्यांतल्या काळ्या लोकरीत जोर नाही अशी तक्रार होती. शेव्ह्रलने दुसरीकडच्या काळ्या लोकरी मागवून तपासल्या. गोब्लँचा काळा कुठेही उणा नव्हता. दोष रंगाच्या पिंपात नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत होता, त्यांच्यामुळे काळा फिका वाटत होता. शेजाराचा हा परिणाम त्याने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. डोळा रंग एकेकटे मोजत नाही, शेजारी ठेवून ताडतो, आणि ताडण्याची त्याची ताकद कडेवर सर्वांत जास्त असते. दोन किंचित वेगळ्या छटा सरळ रेषेत एकमेकींना भिडल्या की तो फरक लगेच पकडतो. त्याच दोन छटांमध्ये हातभर अंतर ठेवून रंग हळूहळू बदलत नेला, तर तोच डोळा हार मानतो. १९४२ साली अमेरिकेत डेव्हिड मॅकॲडम याने हजारो जुळवण्या करवून माणसाला किती लहान फरक कळतो ते मोजले. ती मोजणी दोन रंग कडेला कड लावून केलेली होती, आणि गाडीची दोन दारे म्हणजे अगदी तीच मांडणी.

ब्लेंडिंग हे तंत्र यावरच उभे आहे. समजा मागचे दार दुरुस्त करायचे आणि मार पुढच्या दाराच्या कडेजवळ आहे. पेंटर मागच्या दाराला नवा बेस कोट पुरता मारतो, पण दाराच्या कडेवर थांबत नाही. शेजारच्या, अजिबात न चेपलेल्या पुढच्या दाराचा क्लिअर कोट तो बारीक वॉटर पेपरने मंद करतो आणि नवा रंग त्या दारावर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, प्रत्येक हाताला थोडा पुढे आणि थोडा विरळ नेत संपवतो. मेटॅलिक असेल तर शेवटचा हात दाब कमी करून, गन लांब धरून, धुक्यासारखा सोडतो, म्हणजे कण सगळीकडे एकसारखे बसतात. मग दोन्ही दारांवर कडेपासून कडेपर्यंत क्लिअर कोट. आता रंगात फरक असेलही, पण तो फटीवर नाही. तो पुढच्या दाराच्या पोटात, वीतभर रुंदीत पसरलेला आहे, आणि तिथे त्याला पकडायला डोळ्यापाशी रेघ नाही. मार दाराच्या मध्यावर असेल तर हे सगळे त्याच दारात भागते, शेजाऱ्याला हात लावावा लागत नाही. अवघड जागा म्हणजे मागचे क्वार्टर पॅनेल, जे छतापर्यंत फटीशिवाय जाते. तिथे क्लिअर कुठे थांबवायचा हा पेच असतो. तो मध्येच विरवला तर काही वर्षांत त्या पातळ कडेपासून पापुद्रा सुटू लागतो. ‘फक्त खरचटलेल्या जागेवर फवारा मारून द्या’ अशी मागणी करणाऱ्याने हे आधी ऐकलेले बरे.

सर्वांत जोरदार आणि खरा आक्षेप गाडीमालकाचा आहे: माझ्या धडधाकट दाराला का हात लावलात? कारखान्याच्या रंगाची किंमत असते. जुनी गाडी विकताना खरेदीदार पेंटची जाडी मोजणारे यंत्र पत्र्याला लावतो, आणि १०० ते १५० मायक्रॉनच्या जागी २०० दिसले की भाव पाडतो. ब्लेंड केलेल्या दारावर क्लिअरचे ५० मायक्रॉन वाढतातच, म्हणून तो दाखवील की हे दारही रंगवलेले आहे. हे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या दाराखालचा कारखान्याचा प्रायमर आणि बेस कोट शाबूत असतात, तिथे पुट्टी नसते आणि ठोकाठोकी झालेली नसते. मोजमाप करणाऱ्याला ५० मायक्रॉनची वाढ आणि पुट्टीची शेकडो मायक्रॉनची वाढ यांतला फरक कळतो. दुसऱ्या पारड्यात एक दार उघडउघड वेगळे दिसणारी गाडी आहे, जिचा भाव यंत्र न लावताच पडतो. तरीही ब्लेंडिंगची सक्ती नसावी. एकरंगी लाल किंवा गडद निळ्या रंगात व्हेरिएंट नीट सापडला तर पॅनेल कडेवर थांबवता येते. बंपरला तर ब्लेंडिंगची क्वचितच गरज. पांढऱ्याबद्दल मात्र गैरसमज आहे. तो सोपा वाटतो, आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसतो, पण करड्या-पांढऱ्या पट्ट्यातला फरक डोळा गडद लाल-पिवळ्यापेक्षा अधिक बारकाईने टिपतो, आणि चार थेंब पिवळा टिंटर जास्त झाला तरी नवे दार जुन्या फ्रिजच्या रंगाचे दिसू लागते. दुसरी एक कबुलीही हवी. ब्लेंडिंग हा आळसाचाही आडोसा होऊ शकतो. व्हेरिएंट न शोधता, कार्ड न मारता, जे येईल ते मारून शेजारच्या दारात पसरवून देणारे पेंटर आहेत. शेड फार चुकली असेल तर ती विरवूनही लपत नाही, डाग फक्त मोठा होतो.

या सगळ्यात पैशाचा हिशेब उलटा बसलेला आहे. गॅरेज पॅनेलमागे दर लावते आणि विम्याचा सर्व्हेअर चेपलेली पॅनेल मोजतो. मार मागच्या दाराला, म्हणून मंजुरी एका दाराची. पुढच्या दारावरचा ब्लेंड त्याच्या तक्त्यात बसत नाही. आपल्याकडच्या वाहन विम्यात रंगकामाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिल एकत्रित असेल तर त्यातले २५ टक्के साहित्य असे धरून चालतात. म्हणजे रंग आणि मजुरी यांचा फरक या व्यवस्थेला कळतो. पण मजुरी कशाची, कार्ड मारण्याची, व्हेरिएंट शोधण्याची की शेजारच्या दारात रंग विरवण्याची, हे ती विचारत नाही. परिणाम असा, की कडेवर थांबणारा पेंटर आणि कडेपलीकडे जाणारा पेंटर यांना एकच मोबदला मिळतो, आणि दुसऱ्याचे साहित्य नि वेळ दुप्पट लागतो. घसारा माफ करणारे जादा कवच घेतलेल्यालाही याचा उपयोग नाही, कारण घसारा मंजूर झालेल्या कामावर माफ होतो. गाड्यांच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना मेटॅलिक आणि पर्ल रंगांसाठी शेजारच्या पॅनेलचा ब्लेंड ही वेगळी ओळ मान्य केली, तर हा पेच पुष्कळसा सुटेल. खर्च थोडा वाढेल, पण दुसऱ्यांदा रंगवायला परत येणाऱ्या गाड्यांचा खर्च आज कोणीतरी सोसतेच आहे.

तोपर्यंत गाडीमालकाच्या हातात अंदाजपत्रकावर सही करण्याआधीची दहा मिनिटे आहेत. कोणता व्हेरिएंट घेणार, कार्ड मारून दाखवणार का, ब्लेंड कुठपर्यंत जाणार आणि क्लिअर कुठे संपणार, एवढे विचारले की समोरचा पेंटर किती पाण्यात आहे ते कळते. ब्लेंड नको असेल तर तेही आधीच सांगावे, म्हणजे मग फरकाबद्दल भांडण उरत नाही. गाडी ताब्यात घ्यायची ती दिवसाउजेडी, धुतलेली आणि कोरडी. ओल्या पत्र्यावर सगळे रंग जुळतात. समोरून पाहून भागत नाही. बॉनेटच्या टोकाशी उभे राहून दोन्ही दारांवरून मागच्या दिव्याकडे नजर न्यावी, मग उलट दिशेने, एकदा उन्हात आणि एकदा सावलीत. फरक असेल तर तो कोणत्या कोनातून आणि कोणत्या उजेडात दिसतो हे पेंटरला नेमके दाखवावे. ‘शेड चुकली’ एवढेच म्हटले तर तो डब्यात टिंटर वाढवील. ‘समोरून बरोबर आहे, बाजूने काळे दिसते’ म्हटले तर त्याला गनचा दाब बदलायचा आहे हे कळेल.